चौकटीच्या लाकडाची ओल: मीटर म्हणतो १४, वजनकाटा म्हणतो २१

आडवाटेचा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

राजापूरजवळच्या गावी आजोबांच्या घराची डागडुजी काढली आहे. सहा नव्या चौकटी आणि पुढचं मोठं दार. मी पुण्यात, सुतार गावचे. साग पुण्यातल्याच एका वखारीतून घेतला, पाच बाय अडीच इंचात कापून. वखारवाल्यांनी माझ्यासमोर मीटर टोचून दाखवला, १४ टक्के. "एकदम ड्राय माल, साहेब." मी त्या आकड्याचा फोटोही काढून ठेवला.

टेम्पो गावी पोचला. सुतारदादांनी एक नग उचलला, खाली ठेवला, टोकाला टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्ये आजून वलं हाय." मी फोटो दाखवला. तर म्हणाले, "मग फोटोलाच दार लावा."

म्हणून हट्टाला पेटलो. एका नगाच्या टोकापासून दीड फूट आत एक इंच जाडीची चकती कापून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पुण्याला आणली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४८ ग्रॅम. ओटीजीत १०० ते १०५ अंशांवर ठेवली, आत वेगळा थर्मामीटर ठेवून. दुसऱ्या दिवशी १२२ ग्रॅम. आणखी तीन तास ठेवली, १२२. आणखी तीन तास, १२२.

म्हणजे २६ ग्रॅम पाणी गेलं. १४८ पैकी २६ म्हणजे १७.६ टक्के. मीटर १४, ओव्हन १७.६. विश्वास कुणावर ठेवायचा? आणि एवढ्या फरकाने खरंच काही बिघडतं का?

(संपादन: शीर्षकात आधी १७.६ होतं. खाली पेठकरकाकांनी कान धरल्यावर बदललं.)

टिचकी | १६ नोव्हेंबर, रात्री ९.५८

वहिनींनी लाकूड ओव्हनमधून बाहेर काढायला लावलं की तुम्हाला घरातून?

आडवाटेचा | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

दोन्ही. वास तीन दिवस गेला नाही. या रविवारचा केक सागाच्या स्वादाचा होता.

न्यूटन_पेठकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.१२

मी पदार्थ-चाचणी प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो. लाकूड आमच्याकडे सिमेंट-लोखंडाच्या मानाने कमी यायचं, पण यायचं. त्यामुळे राहवत नाही.

पहिली चूक भागाकाराची. लाकडाची ओल काढताना ओल्या वजनाने भागत नाहीत, पूर्ण वाळलेल्या वजनाने भागतात. २६ भागिले १२२, म्हणजे २१.३ टक्के. ही चूक नवे इंजिनिअरही करायचे. वाळलेलं वजन पायाला धरायचं कारण ते बदलत नाही. ओलं वजन रोज बदलतं. याच हिशेबामुळे ताज्या तोडलेल्या काही हलक्या लाकडांची ओल १०० टक्क्यांच्या वर जाते. लोक म्हणतात हे कसं शक्य आहे. शक्य आहे, लाकडापेक्षा पाणी जड भरतं एवढाच त्याचा अर्थ.

बाकी तुम्ही केलंत ते जवळजवळ प्रमाणाबरहुकूम. आपल्या आयएस १७०८ या भारतीय मानकात तापमान १०३ अंश, दोन अंश इकडेतिकडे, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचं. टोकापासून आत जाऊन चकती कापलीत हे विशेष आवडलं. बहुतेक जण टोकाचाच तुकडा आणतात. लाकूड उभ्या रेषांच्या तोंडातून झपाट्याने वाळतं, त्यामुळे टोक नेहमी खोटं बोलतं. पिशवीत बांधून आणलीत हेही बरोबर.

काट्याची अचूकता एक ग्रॅमची असेल तर उत्तरात पाऊण-एक टक्का इकडेतिकडे होणार. म्हणजे २०.५ ते २२. चौदा मात्र नाही.

लाल_माती | १७ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

आमची तीन पिढ्यांची सुतारकी, मी मात्र बँकेत. वखारवाल्याला लगेच चोर ठरवू नका. त्याचा मीटरही खोटं बोलत नव्हता, फक्त वरवरचं सांगत होता. त्या मीटरच्या सुया जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटर आत जातात. तुमचा नग अडीच इंच जाड. कापलेला माल उन्हात उभा करून ठेवला की वरचा थर वाळतो, पोटात ओल तशीच राहते. भाकरी वरून करपते आणि मध्ये कच्ची, तसं.

एक करा. आणखी एक चकती काढा, तिच्या चारी बाजूंच्या अर्धा-अर्धा इंचाच्या पट्ट्या वेगळ्या करा आणि मधला गाभा वेगळा. दोघांची ओल वेगवेगळी काढा. आणि गाभा कापल्याबरोबर त्याच्यावर मीटर टोचून बघा.

झाडीपट्टी | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

काय सांगू राजेहो, आमच्याकडे नागपूरले २१ टक्क्याची चौकट लावली तर मे महिन्यात तिच्या भेगेतून शेजारचा टीव्ही दिसते.

आडवाटेचा | २३ नोव्हेंबर, रात्री ८.५०

लाल_माती, केलं. बाहेरच्या पट्ट्या ७० ग्रॅम, वाळून ६०, म्हणजे १६.७ टक्के. गाभा ७१ ग्रॅम, वाळून ५७, म्हणजे २४.६. एकाच चकतीत आठ टक्क्यांचा फरक! दोन्ही मिळून २०.५, म्हणजे पहिल्या उत्तराशी जुळतंय. मीही एक साधा मीटर मागवला. बाहेरून १४, ताज्या कापलेल्या गाभ्यावर २४.

या वेळी ओव्हन शेजाऱ्यांचा होता. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

न्यूटन_पेठकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

उत्तम. आता मीटरबद्दल थोडं.

सुयांचा मीटर ओल मोजत नाही, विजेचा रोध मोजतो आणि त्यावरून ओलीचा अंदाज बांधतो. कोरडं लाकूड वीज जवळजवळ जाऊ देत नाही, ओलं देतं. हा अंदाज साधारण ६ ते ३० टक्क्यांच्या दरम्यानच भरवशाचा. शिवाय बरेच मीटर मुळात डग्लस फर या परदेशी लाकडावर बेतलेले असतात, म्हणून सागासाठी, बाभळीसाठी, आंब्यासाठी वेगवेगळी दुरुस्ती लागते. चांगल्या मीटरमध्ये जात निवडायची सोय असते. स्वस्तातल्यात नसते. लाकूड उन्हाने तापलं असेल तर आकडा थोडा वरच दाखवतो. पातळ मीठपाणी किंवा संरक्षक औषध मुरलेलं असेल तर मग विचारूच नका.

पूर्ण जाडीची सरासरी हवी असेल तर टोकापर्यंत वेष्टन असलेल्या लांब सुया जाडीच्या पाव हिश्शाइतक्या आत ठोकायच्या. तिथली ओल साधारण सरासरीइतकी निघते. सुया नसलेले, नुसते वर ठेवायचे मीटरही मिळतात. त्यांनी छिद्र पडत नाही, पण लाकडाच्या घनतेप्रमाणे त्यांचा आकडा हलतो. वखारीत शंभर नगांतले संशयित वेगळे काढायला मीटर छान. भांडण मिटवायला ओव्हन आणि काटा.

वाडाप्रेमी | २४ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

वाचतोय. वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न राहिला की, २१ असो नाहीतर १६, बिघडतं काय?

न्यूटन_पेठकर | २४ नोव्हेंबर, दुपारी १.४०

बिघडतं ते असं. लाकडातलं पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत, मोकळं. काही पेशींच्या भिंतींत, चिकटलेलं. वाळताना आधी मोकळं जातं, तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं. साधारण २५ ते ३० टक्क्यांना मोकळं संपतं आणि भिंतींतलं सुटायला लागतं. तिथपासून खाली लाकूड आकसतं. आणि तिथपासूनच ते ताकदही धरायला लागतं.

आकसणं सगळीकडे सारखं नसतं. लांबीत नगण्य. गाभ्याकडून सालीकडे म्हणजे त्रिज्येच्या दिशेने सागात ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत अडीच टक्के, वलयांच्या कडेकडेने ५.८ टक्के. साग त्यातल्या त्यात सज्जन, पुष्कळ लाकडं याच्या दीडपट-दुप्पट आकसतात.

म्हणजे रुंदी वलयांच्या कडेकडेने असलेल्या फळीत एक टक्का ओल गेली की रुंदी ०.१९ टक्क्यांनी कमी. एक फूट रुंद फळी २१ वरून १२ वर आली तर पाच मिलीमीटर गेले. दारात पाच मिलीमीटर म्हणजे उजेड, वारा आणि पाली.

लाल_माती | २४ नोव्हेंबर, दुपारी २.२५

म्हणूनच जुन्या दारांत दिला, म्हणजे मधली फळी, खोबणीत मोकळा सोडलेला असतो, सरस लावून घट्ट बसवत नाहीत. फुगला-आकसला तर आतल्या आत. हल्ली पॉलिशवाले त्या खोबणीत लांबी (पुट्टी) भरून टाकतात आणि मग दिला मधोमध फाटला म्हणून सुताराच्या नावाने बोंब.

आडवाटेचा | २४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मग मी किती टक्क्यांवर थांबू? शून्य करून उपयोग नाही, कोकणात पाऊस लागला की परत पिणारच.

न्यूटन_पेठकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

नेमका प्रश्न. लाकूड भोवतालच्या हवेशी जमवून घेतं. तीस अंशांच्या आसपास, हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड ६ टक्क्यांवर स्थिरावतं, ५० असेल तर ९, ६५ ला पावणेबारा, ८० ला साडेपंधरा-सोळा, ९० ला वीस. ही आठवणीतली कोष्टकं आहेत, पण बदललेली नाहीत. झाडीपट्टींच्या मे महिन्यातल्या दुपारी लाकूड पाच टक्क्यांकडे ओढलं जातं आणि तुमच्या जुलैत वीसकडे. तेच झाड, तीच वखार.

म्हणून आयएस २८७ मध्ये देशाचे चार पट्टे केलेत, वर्षाच्या सरासरी आर्द्रतेवरून: ४० च्या खाली, ४० ते ५०, ५० ते ६७ आणि त्याहून वर. कोकण शेवटच्या पट्ट्यात. दारं-खिडक्यांचं ५० मिलीमीटर आणि त्याहून जाड लाकूड या चार पट्ट्यांत अनुक्रमे १०, १२, १४, १६ टक्क्यांपर्यंत चालतं. त्याहून पातळ असेल तर प्रत्येकी दोन टक्के कमी. तुमची चौकट अडीच इंच, म्हणून १६. दाराचा पल्ला पातळ, म्हणून १४.

आता ते कळायचं कसं? रोज चकत्या कापत बसलात तर चौकट उरणार नाही. आमची जुनी युक्ती सांगतो. ज्या नगातून चकती काढलीत त्याच नगाचा चकतीलगतचा दोन फुटांचा तुकडा घ्या. त्याची दोन्ही टोकं ऑइलपेंटचे दोन हात देऊन बंद करा आणि लगेच वजन करा. तो आता उरलेल्या मालाचा साक्षीदार.

आडवाटेचा | १ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

गावी जाऊन आलो. साक्षीदाराचं वजन ३.६२ किलो, प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यावर. हिशेब तपासा. ओल २१.३ धरली तर कोरडं वजन ३.६२ भागिले १.२१३, म्हणजे २.९८ किलो. १६ टक्क्यांना वजन हवं २.९८ गुणिले १.१६, म्हणजे ३.४६. बरोबर?

न्यूटन_पेठकर | १ डिसेंबर, रात्री ८.०२

बरोबर. माल पडवीत, सावलीत, थरांच्या मध्ये एक इंचाच्या सारख्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवून रचा. तुकडाही त्याच ढिगात ठेवा, भिंतीवर शोभेला नको. दर रविवारी वजन. ३.४६ झालं की रंधा लावा.

घाई करून ऊन दाखवू नका. वरचा थर आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही, मग वर चिरा पडतात. चिरा नाही पडल्या तरी ताण आत कोंडून राहतो. तो तपासायला चकतीला कंगव्यासारखे दात कापायचे. दात आत वळले की समजायचं, लाकूड चिडलेलं आहे.

टिचकी | १ डिसेंबर, रात्री ८.१५

काका, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना दात कापून बघायला हवेत.

वाडाप्रेमी | ७ डिसेंबर, सकाळी ९.४५

थोडं अवांतर, पण याच मंडळींना विचारावंसं वाटतं. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडताना काही सागवानी वासे मी राखून ठेवले. तीन बाय चार इंच, जवळजवळ नऊ फूट. शंभर वर्षांचे तरी असतील. शेतावरच्या खोलीला कौलं घालायची आहेत. इंजिनिअर म्हणतो जुनं लाकूड नको, त्याचा भरवसा नाही. माझे वडील म्हणायचे, जुन्यासारखं लाकूड आता मिळत नाही. याची ताकद तपासतात कशी?

बर्फाळ | ७ डिसेंबर, रात्री ११.५०

मी अमेरिकेत मॅडिसनला असतो. इथे १९१० पासून सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळा आहे आणि तिच्या लाकूडविषयक ग्रंथातले तक्ते सगळ्या जगात वापरतात. त्यातले सागाचे आकडे पाठ आहेत, कारण इथल्या गोऱ्या मित्रांशी त्यावरून वाद घालतो. वाकवून मोडायची ताकद ओल्या सागाची ८० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), १२ टक्के ओलीवर १०१. उभ्या रेषांत दाबून चिरडायची ताकद ४१ वरून ५८. ताठपणा, म्हणजे भाराखाली न वाकण्याचा गुण, ९.४ वरून १०.७ गिगापास्कल. बघा, दाब सोसायची ताकद दीडपटीच्या जवळ जाते, ताठपणा मात्र थोडाच वाढतो.

म्हणजे कुणी "या लाकडाची ताकद इतकी" म्हणाला की पहिला प्रश्न: किती ओलीवर?

न्यूटन_पेठकर | ८ डिसेंबर, सकाळी ६.३०

बर्फाळ यांनी माझं अर्धं काम केलं. म्हणूनच प्रयोगशाळेत नमुना मोडला की तिथल्या तिथे मोडल्या जागेजवळचा तुकडा काढून त्याची ओल काढतात आणि सगळे आकडे १२ टक्क्यांवर आणून मगच तुलना करतात. ओलीचा आकडा नसलेला चाचणी-अहवाल मी परत पाठवायचो.

आयएस १७०८ मध्ये लाकडाच्या चाचण्यांचे १८ भाग आहेत. वाकवणं, आघात, रेषांच्या दिशेने दाब, आडवा दाब, कातर, ताण, चिरणं, खिळा-स्क्रू उपसणं, सगळं. वाकवायचा छोटा नमुना २ बाय २ सेंटिमीटर, ३० सेंटिमीटर लांब, २८ च्या अंतरावर टेकवलेला, मधोमध भार. मोठा नमुना ५ बाय ५ आणि ७५ लांब.

माझी आवडती चाचणी कठीणपणाची. गॅब्रिएल यांका नावाचा ऑस्ट्रियन होता, त्याची पद्धत. पोलादी गोळी अर्ध्यापर्यंत लाकडात रुतवायला किती भार लागतो ते मोजायचं. गोळीचा व्यास ११.२८ मिलीमीटर. हा असा विचित्र आकडा का? कारण तेवढ्या व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर भरतं. किती साधं! पहिल्यांदा गणित करून पाहिलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

आपल्याकडे हे काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने उभं केलं. १९०६ ची संस्था. त्यांनी देशी लाकडांचे गुण काढले आणि तुलनेला सागाला १०० धरलं. वजन, तुळईची ताकद, ताठपणा, आघात सोसणं, आकार टिकवणं, प्रत्येकासाठी सागाच्या मानाने किती. त्यामुळे आपल्या मनातला "सागासारखं आहे का हो?" हा प्रश्न शास्त्रीयच आहे.

पण वाडाप्रेमी, लक्षात घ्या. हे सगळे नमुने छोटे, सरळ रेषांचे, गाठ-चीर नसलेले. तुमच्या वाशात गाठी असतील, खिळ्यांची भोकं असतील. शिवाय प्रयोगशाळेत नमुना काही मिनिटांत मोडतो. कौलांचा भार वर्षानुवर्षं बसतो. वर्षानुवर्षांच्या भाराला लाकूड चाचणीतल्या ताकदीच्या साधारण साठ टक्क्यांतच हार मानतं. म्हणून आयएस ८८३ मध्ये बांधकामाच्या आखणीत धरायचे ताण खूप खाली आणलेत. तिथे लाकडांचे तीन गट आहेत. ताठपणा १२.६ गिगापास्कलच्या वर तो अ, ९.८ च्या वर तो ब, ५.६ च्या वर तो क. वाकवण्याचा किमान सोसण्याजोगा ताण अनुक्रमे १८, १२ आणि ८.५ मेगापास्कल. मोडायची ताकद शंभर आणि वापरायची बारा-पंधरा, यात कंजूषपणा नाही.

वय वाढलं म्हणून लाकूड कमजोर होत नाही. ओल, कीड आणि सतत डोक्यावर बसलेला भार, हे तिघे त्याला खातात.

लाल_माती | ८ डिसेंबर, दुपारी १२.१०

काकांच्या मशीनआधी दहा रुपयांची चाचणी करा. वाशाची टोकं भिंतीत असतात, तिथेच ओल धरते. टोकापासून फूटभर किकऱ्याने टोचत जा. चांगल्या लाकडातून लांब तुसाची फाक निघते, कुजलेल्यातून आखूड तुकडा टुपकन तुटतो. मग बारीक गिरमिटाने एक भोक पाडून बघा. भुसा कुरकुरीत, सागाच्या वासाचा आला तर ठीक. गिरमिट मध्येच लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर तेवढं टोक कापा. आत पोकळ असेल तर टिचकीचा आवाज बद्द येतो.

टिचकी | ८ डिसेंबर, दुपारी १२.१४

माझा आवाज बद्द नाही.

वाडाप्रेमी | २२ डिसेंबर, रात्री ९.००

पेठकरकाकांशी व्यक्तिगत निरोपातून बोलून शेतावर प्रयोग केला. वर्णन देतो, कुणाला करायचा असेल तर.

विटांचे दोन चबुतरे, मधलं अंतर २.४ मीटर, वर लोखंडी सळीचे तुकडे. त्यावर वासा उभा, म्हणजे चार इंच खोली. वाशाच्या बाजूला, बरोबर टेकूंच्या जागी दोन खिळे, त्यांत ताणून मासेमारीचा दोरा. वाशाच्या मध्यावर स्टीलची पट्टी चिकटवली. चबुतरा थोडा दबला तरी दोरा त्याच्याबरोबर खाली जातो, म्हणून झोळ खरा मिळतो ही काकांची सूचना. मध्यावर दोराने सिमेंटची दोन पोती टांगली, १०० किलो. जमिनीपासून अगदी थोडी वर, खाली वाळू.

झोळ ४.५ मिलीमीटर.

गणित: भार ९८१ न्यूटन, गुणिले अंतराचा घन, भागिले ४८, भागिले झोळ, भागिले मोमेंट ऑफ इनर्शिया. शेवटचा म्हणजे रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले १२. ७५ आणि १०० मिलीमीटरला ६२,५०,०००. उत्तर १०,०४५ मेगापास्कल, म्हणजे १० गिगापास्कल!

मग गंमत म्हणून वासा आडवा ठेवला, तीन इंच खोली. गणिताने झोळ ८ यायला हवा. पट्टीवर ८ च आला. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. शाळेत हे का शिकवत नाहीत?

न्यूटन_पेठकर | २३ डिसेंबर, सकाळी ६.१५

शाबास. आता थोडं पाणी ओततो. पट्टीवर अर्ध्या मिलीमीटरची चूक सहज होते. झोळ ४ असता तर उत्तर ११.३, आणि ५ असता तर ९.०. तेव्हा "दहा" म्हणा, १०,०४५ म्हणू नका. आडवा ठेवल्यावरचं उत्तर जुळलं हा मात्र चांगला पुरावा.

दुसरं, तुम्ही ताठपणा मोजलात, मोडायची ताकद नाही. तुमच्या पोत्यांनी वाशात जेमतेम पावणेपाच मेगापास्कलचा ताण आला. ताठ लाकूड बहुधा दणकट असतं, पण खालच्या कडेला मध्यावर मोठी गाठ असेल तर ती हे नातं मोडते. गाठ असलेली बाजू वर करा, खालच्या ताणातून ती सुटेल. प्रत्येक वासा असा तपासा, एकावरून सगळे नको. आणि तुमच्या इंजिनिअरला आकड्यांसकट बोलवा, मला वाटतं तो ऐकेल. त्याला कागदच हवा असेल तर एखादा खराब वासा कापून त्याचे नमुने यूटीएम (नमुना दाबून-ताणून मोडायचं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत द्या. जात ओळखण्यापासून हवं असेल तर डेहराडून नाहीतर बंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था.

झाडीपट्टी | २३ डिसेंबर, सकाळी १०.४०

आमच्याकडे बंडीच्या आसाले धावडा, चाकाले बाभूळ. कोणी गोळी नाही रुतवली, यांका नाही आला. पण धावड्याच्या दांड्यावर सागाची कुऱ्हाड कोणी बसवत नाही, म्हणजे सागाच्या दांड्यावर कुऱ्हाड बसवत नाही! आघात सोसणं आणि ताठ राहणं वेगळं असते हे आमच्या लोहाराले ठाऊक होतं.

बर्फाळ | २३ डिसेंबर, रात्री ११.३०

+१. इथे पूर्वीच्या हॉकीच्या काठ्या, कुदळीचे दांडे ॲश नावाच्या लाकडाचे, त्याच कारणाने. आणि आघात सोसण्याची ताकद वाळल्यावर इतरांसारखी वाढत नाही, कधी कमीच होते. म्हणून "वाळलं की सगळंच वाढतं" असंही नाही.

वाडाप्रेमी | १८ जानेवारी, संध्याकाळी ६.००

अपडेट: चौदा वासे तपासले. अकरा पास. दोघांची टोकं लाल_माती म्हणाले तशी टुपकन तुटली, कापून आखूड केले. एकाचा झोळ सात मिलीमीटर निघाला, उलटा करून पाहिला तर पोटात लांब चीर. त्याचा आता बाक होणार आहे, बसायचा. इंजिनिअरने तक्ता पाहिला, दहा मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला अंतर दीड फुटांवरून सव्वावर आणा, सही करतो.

आडवाटेचा | २२ मार्च, रात्री ९.२०

मधे गायब होतो. साक्षीदाराची वही सुतारदादांनी ठेवली, म्हणजे पडवीच्या भिंतीवर पेन्सिलने. डिसेंबरअखेर ३.५६, जानेवारीअखेर ३.५१, फेब्रुवारीअखेर ३.४७, आज ३.४५. गणिताने पावणेसोळा टक्के. खात्रीसाठी त्याच ढिगातल्या दुसऱ्या नगाची चकती भाजली (ओव्हन आता माझा जुना, वेगळा ठेवलाय, घरात शांतता आहे): १५.६.

पल्ल्याची पातळ फळी आधीच १३ वर आली होती. उद्यापासून रंधा.

वखारीत जाऊन हे सगळं शांतपणे सांगितलं. मालक म्हणाले, "आमच्याकडे आजवर कुणी तक्रार केली नाही." मग म्हणाले, ती चकती बघू. बराच वेळ बघत होते. पैसे काही परत मिळाले नाहीत, चहा मिळाला.

लाल_माती | २३ मार्च, सकाळी १०.००

साक्षीदार टाकू नका. दारं बसली की त्याच घरात माळ्यावर ठेवा. पावसात वजन करा.

आडवाटेचा | २७ जुलै, संध्याकाळी ५.१०

गावी आहे. पाच दिवस उघडीप नाही. साक्षीदार ३.५० किलो, म्हणजे साडेसतरा टक्क्यांच्या जवळ. प्यायला आहे, पण बेताने. तेलाचे हात दिले म्हणून असेल किंवा जाडीमुळे अजून पोचलं नसेल.

पुढचं दार लागतं. वरच्या कोपऱ्यात वहीचा कागद जातो, पोस्टकार्ड अडकतं. मी सुतारदादांना विचारलं, रंधा मारायचा का? त्यांनी साक्षीदार हातात घेतला, तोलला, भिंतीवर पेन्सिलने आकडा लिहिला आणि म्हणाले, "आता हात लावू नका. दिवाळीला या."